तळ्याच्या गाळातून जुनं रान कसं वाचायचं

पहिल्या वर्षी तलावाच्या गाळात ६० सेंटिमीटर खोलीवर आम्हाला गुटख्याच्या पुडीचा निळा तुकडा सापडला. हिशेबाने तो थर दोनशे वर्षांपूर्वीचा, म्हणजे नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीतला. पोरं हसून हसून लोळली. मला मात्र घाम फुटला, कारण त्या गाळाचे चाळीस नमुने आम्ही आधीच पिशव्यांत भरून, चिठ्ठ्या लावून ठेवले होते.

चूक साधी होती. मे महिन्यात कोरड्या पडलेल्या काठावर आम्ही गाळ काढायची नळी ठोकली होती. उन्हाने तिथल्या गाळाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वरचा कचरा भेगेतून सरळ खाली उतरतो. पावसाळ्यात भेग मिटते, तेव्हा वरून काही कळत नाही. तलावावरचे एक ढिवर (मासेमार) काका हे सगळं बघत बसले होते. शेवटी म्हणाले, "गुरुजी, गाळ घ्याचा असन त पाळीजवळ काहून घेता? म्हशी लोळतेत तिथं. मधात जा ना." पुस्तकातही हेच लिहिलेलं असतं, फक्त लांबण लावून.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात ज्यांच्या गावाला तलाव किंवा बोडी (छोटा तलाव) आहे, अशा शिक्षकांसाठी, कॉलेजच्या पोरांसाठी आणि हौशी माणसांसाठी हे लिहितो आहे. साधनं बेताची असली तरी निम्मं काम गावात होतं. उरलेलं कुणाकडून करून घ्यायचं, तेही पुढे येईलच.

गाळात असतं काय

फुलांचे परागकण वाऱ्याने आणि ओढ्याच्या पाण्याने तळ्यात येतात, बुडतात आणि गाळात गाडले जातात. परागकणाचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या फार चिवट द्रव्याचं असतं. हवा लागली नाही तर ते हजारो वर्षं टिकतं. बहुतेक झाडांच्या, निदान त्यांच्या कुळांच्या, परागकणांची ठेवण वेगळी असल्याने थरागणिक मोजणी केली की त्या त्या काळचं रान डोळ्यांपुढे येतं. स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. परागकणांसोबत कोळशाचे कण, गवताच्या पानांतले सिलिकाचे सूक्ष्म खडे म्हणजे फायटोलिथ, डायटम शेवाळाची कवचं, पानांवरचं मेण आणि डोंगरउतारावरून आलेली मातीही त्याच थरात असते.

विदर्भात यासाठी सर्वांत मोठी वही आहे बुलढाण्याचं लोणार. उल्कापाताने बेसॉल्टमध्ये पडलेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आणि तळाशी खारं, अल्कधर्मी पाणी. तिथून काढलेल्या सुमारे १० मीटर लांबीच्या गाळात गेल्या ११ हजार वर्षांच्या मोसमी पावसाची नोंद मिळाली. त्यातली एक खूण मला फार आवडते. गेल्युसाइट हे सोडियम-कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज. पाणी आटून खारटपणा वाढला की त्याचे स्फटिक धरतात. सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीच्या आणि पुन्हा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीच्या थरांत ते सापडले, म्हणजे तेवढा काळ तळं वारंवार आटत होतं. पानांच्या मेणातल्या कार्बनवरूनही साक्ष मिळते. झाडाझुडपांच्या कार्बनचं समस्थानिक मूल्य (जड आणि हलक्या कार्बनच्या प्रमाणाचा आकडा) साधारण उणे २७ च्या आसपास असतं, तर उष्ण प्रदेशातल्या बहुतेक गवतांचं उणे १२ च्या आसपास.

लोणारला नळी घेऊन जाऊ नका. ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही. आपलं काम आपल्या मामा तलावात, म्हणजे माजी मालगुजारी तलावात. तिथली वही दोन-तीनशे वर्षांची. त्यामुळे हजारो वर्षांचे पाऊसपाणी तिला विचारू नका. रान कधी तुटलं, धानाच्या बांध्या कधी वाढल्या, उतारावरची माती कधी वाहू लागली, हे विचारा.

तलाव निवडणं

लहान तळ्यात भोवतालच्या काही शे मीटरांतलं रान उतरतं, मोठ्या तळ्यात पंचक्रोशीचं. गावाच्या रानाची गोष्ट हवी असेल तर पाच-दहा एकरांची बोडी पुरे. मोठा ओढा थेट आत येत असेल तर ती सोडा, कारण पुराच्या पाण्यासोबत कुठलाही जुना-नवा गाळ येऊन पडतो. उन्हाळ्यातही मधोमध पाणी राहणारा तलाव उत्तम. तळ उघडा पडला की हवा शिरते आणि परागकण सडतात.

तलाव खोदलेला कधी आणि उपसलेला कधी, हे दोन प्रश्न गावातच सुटतात. पूर्व विदर्भात गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने तलाव बांधले. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. आपल्या तलावाची नोंद बघायची तर तलाठ्याकडचं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावाच्या सामायिक हक्कांची आणि वहिवाटीची जुनी कागदं, काढायला लावा. १९५१ मध्ये मालगुजारी (जमीनदारीसारखी सारावसुलीची पद्धत) संपली आणि तलाव सरकारकडे गेले. त्यानंतरची दुरुस्ती, खोलीकरण, नवी पाळ यांची आठवण म्हाताऱ्या माणसांना पक्की असते. २०१७ पासूनच्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत तुमचा तलाव उपसला गेला असेल तर वरची पानं फाटली असं समजा. खालची मात्र शिल्लक असू शकतात.

परवानगी तीन ठिकाणची लागते: ग्रामपंचायत, तलाव ज्या खात्याकडे आहे ते खातं आणि मासेमारी संस्था. वनहद्दीत असेल तर वनविभागही. यातली संस्थेची परवानगी खरी कामाची, कारण डोंगा त्यांचाच आणि खोल पाणी कुठे हेही त्यांनाच ठाऊक.

आधी आजचा गाळ

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या चुका इथेच जन्म घेतात. जुना गाळ उघडण्याआधी आजचं रान आजच्या गाळात काय टाकतं, ते बघा.

आपल्या रानात मोहाला वटवाघळं येतात, पळसाला पाखरं, सागाला माश्या-किडे. यांचे परागकण वाऱ्यावर फारसे उधळत नाहीत. मोहाच्या झाडांनी वेढलेल्या बोडीच्या चमचाभर गाळात मोहाचा एखादाच कण मिळाला, तर गोंधळू नका. उलट वावळ वाऱ्यावर पराग सोडतो, म्हणून चार झाडं असली तरी दरबार भरल्यासारखा दिसतो. गवताचंही तसंच. त्यामुळे 'गवत ६० टक्के, म्हणजे रान नव्हतं' असा निष्कर्ष काढणारा माणूस भर सागाच्या जंगलात उभा राहूनही माळरान सांगेल.

म्हणून पाच-सहा तलाव घ्या. एक दाट रानातला, एक धानाच्या बांध्यांमधला, एक गावाला लागून. प्रत्येकाच्या मधल्या भागातून गाळाचा फक्त वरचा एक सेंटिमीटर उचला. काठापासून शंभर मीटरपर्यंत कोणती झाडं किती, हे वहीत लिहा. मग परागकण मोजून दोन्ही आकडे शेजारी मांडा. तो तक्ता म्हणजे तुमचा शब्दकोश.

सोबत फुलांच्या संदर्भपट्ट्या, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ताडून बघायला परागकणांच्या काचपट्ट्या, करा. वावळ जानेवारी-फेब्रुवारीत, पळस फाल्गुनात, मोह चैत्रात, साग ऐन पावसाळ्यात. उमललेल्या फुलाचे परागकोश कागदी पुडीत वाळवा, तारीख आणि झाडाचं नाव लिहा. वर्षभरात साठ-सत्तर झाडांच्या पट्ट्या सहज होतात. शाळेच्या पोरांना यासारखं दुसरं काम नाही.

नळी ठोकणं

वेळ एप्रिल-मे, पाणी मीटरभर उरलं असताना. दोन डोंगे शेजारी बांधून वर फळ्या टाका. पोहता येणाऱ्यालाही लाइफ जॅकेट घालायला लावा. गाळात पाय रुतला की पोहणं उपयोगी पडत नाही.

६३ किंवा ७५ मिलिमीटरची, दोन मीटर लांब पीव्हीसी नळी घ्या आणि खालची कड कानशीने बाहेरून घासून धारदार करा. नळी सरळ उभी धरून हाताच्या दाबाने जाईल तेवढी जाऊ द्या. मग वर लाकडी ठोकळा ठेवून घणाने हळू हळू ठोका. गरगर फिरवू नका, थर मुरगळतात.

आता मोजमाप. नळीबाहेर तळापासून नळी किती आत गेली आणि नळीच्या आत गाळाचं तोंड किती खोल आहे, दोन्ही मोजा. समजा नळी १२० सेंटिमीटर आत गेली आणि आत गाळ ९६ सेंटिमीटरच आहे. म्हणजे गाळ दबला. नळीतला एक सेंटिमीटर म्हणजे तळातले साधारण सव्वा. ही नोंद तिथेच, डोंग्यावर बसूनच करा. घरी गेल्यावर आठवत नाही.

नळीची वरची मोकळी जागा पाण्याने काठोकाठ भरा आणि रबरी बुचाने घट्ट बंद करा. आत हवा नसेल तर ओढताना गाळ निसटत नाही. बांबूची तिकटी आणि दोर लावून सावकाश वर ओढा. खालचं टोक पाण्याबाहेर येण्याआधीच एकाने हात घालून ते दाबून धरायचं आणि टोपी बसवायची. नळीवर वर-खाली बाण, तारीख, जीपीएसचे आकडे पक्क्या शाईने लिहा. आमच्याकडे एकदा बाण काढायचा राहिला आणि 'हे वरचं की खालचं' यावर दोन मास्तरांत आठवडाभर अबोला होता. मीटरभर अंतरावर दुसरी नळीही घ्या. दोन्हींत तेच थर त्याच क्रमाने आले तरच विश्वास ठेवायचा.

उघडणं आणि कापणं

ग्राइंडरने नळीला दोन बाजूंनी लांब चीर द्या, कवच तेवढंच कापलं पाहिजे. मग मासेमारीच्या बारीक तारेने गाळाचे उभे दोन भाग करा. एक भाग कामाला, दुसरा प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये, साधारण ४ अंशांवर. गोठवू नका, बर्फाने थर फुटतात.

कापलेला पृष्ठभाग काचेच्या पट्टीने आडवा खरवडा. उभा खरवडलात तर वरचा गाळ खाली सारवला जातो. पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. मग रंग, पोत, शिंपल्यांचे तुकडे, मुळं, वाळूची रेघ, जे दिसेल ते साध्या शब्दांत लिहा. 'काळा, लोण्यासारखा, कुजका वास' हे वर्णन चालतं. तळाशी अचानक घट्ट पिवळी माती लागली तर ती बहुधा तलाव व्हायच्या आधीची जमीन. इथून तुमची गोष्ट सुरू होते.

नमुना दर दोन सेंटिमीटरला, एक घनसेंटिमीटर, गाभ्याच्या मधून. नळीच्या भिंतीला लागलेला गाळ कधीही घेऊ नका. प्रत्येक वेळी चाकू पुसा.

गावात होणाऱ्या दोन चाचण्या

पहिली, जाळून वजन. नमुना १०५ अंशांवर रात्रभर वाळवून तोला, मग ५५० अंशांवर चार तास जाळून पुन्हा तोला. ५ ग्रॅमचे ४.५५ ग्रॅम उरले तर सेंद्रिय द्रव्य ९ टक्के. तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राची भट्टी असतेच. सेंद्रिय भाग अचानक घसरला आणि माती वाढली तर वरच्या उतारावर नांगर किंवा कुऱ्हाड चालली असावी.

दुसरी, कोळसा. एक घनसेंटिमीटर गाळ सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटच्या पाण्यात रात्रभर भिजवा, मग धुलाईच्या सौम्य ब्लीचमध्ये काही तास. हे उघड्यावर करा आणि ब्लीचमध्ये ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. १२५ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवा आणि उरलेलं भिंगाखाली मोजा. ब्लीचने कुजलेली पानं फिकट होतात, कोळसा काळा कुळकुळीत राहतो आणि सुई लावली की कुरकुरीत फुटतो. एवढे मोठे तुकडे फार दुरून येत नाहीत, आग जवळच लागलेली असते.

कोळसा वाढला की 'दुष्काळ, वणवा' असं लिहायची घाई होते. आपल्या भागात मोहफुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणूनही आग लावतात. ओल्या वर्षातही हे चालतं. कोळशावरून पावसाचं अनुमान काढायचं तर गेल्युसाइटसारखा दुसरा, माणसाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. तलावात ती साक्ष डायटम देऊ शकतात, कारण खोल पाण्यातल्या आणि उथळ, झाडोऱ्यातल्या डायटमच्या जाती वेगळ्या.

परागकण काढणं

हे प्रयोगशाळेतच. आधी सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडने चुना काढतात, मग १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करून काळा चिकट भाग सोडवतात. वाळू-माती काढायला जुन्या पद्धतीत हायड्रोफ्लुओरिक ॲसिड वापरतात. ते कातडीतून हाडापर्यंत जातं आणि जीवही घेतं. कॉलेजात त्याची बाटलीसुद्धा उघडू नका. त्याऐवजी घनता साधारण २ असलेल्या झिंक क्लोराइडच्या द्रावणात नमुना फिरवा. हलके परागकण वर तरंगतात, जड माती खाली बसते. शेवटी ॲसेटोलिसिस: ॲसेटिक अनहायड्राइड ९ भाग, सल्फ्युरिक ॲसिड १ भाग, तेही धूरपेटीत. या मिश्रणाला पाणी लागलं तर ते उसळतं, म्हणून आधी आणि नंतर ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडने धुतात. हे ज्याने आधी केलं आहे त्याच्या शेजारी उभं राहून शिका.

सुरुवातीला लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीचे ठरावीक संख्येचे बीजाणू मोजणीची खूण म्हणून मिसळतात. समजा १०,००० टाकले, मोजताना ३०० परागकणांसोबत ते १५० दिसले, तर एका घनसेंटिमीटरमध्ये २०,००० परागकण. एवढा खटाटोप कशाला? टक्केवारी फसवते म्हणून. पूर्वी १०० सागाचे आणि १०० गवताचे होते, आता साग ५० वर आला आणि गवत तेवढंच आहे, तरी टक्क्यांत गवत ५० वरून ६७ वर जातं. गवत वाढलेलंच नाही.

४०० पट मोठं करून प्रत्येक नमुन्यात किमान ३०० कण मोजा. धानाच्या बाबतीत एक सापळा आहे. गवतकुळातले परागकण एकसारखे गोल, एका छिद्राचे. मोठा दिसला म्हणून धान म्हणावं, तर तलावातलं देवधानही तसंच. तिथे फायटोलिथ बघा. धानाच्या पानातले पंख्याच्या आकाराचे आणि तुसावरचे दोन शिंगांचे खडे बरेचसे नेम सांगतात. मक्याचा कण मात्र प्रचंड, ८० मायक्रॉनच्या वर. मका अमेरिकेतून आला, म्हणजे तो ज्या थरात आहे तो थर सोळाव्या शतकाच्या आधीचा असूच शकत नाही. फुकटचं कॅलेंडर.

वय

किरणोत्सारी द्रव्य किती उरलं यावरून थराचं वय काढतात. कार्बन-१४ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं होण्याचा काळ, ५,७३० वर्षं. लोणारसारख्या गाळाला ते योग्य. मामा तलावाला ते फारसं कामाचं नाही, कारण १६५० नंतरच्या काळात एकाच मोजणीला तीन-चार वेगवेगळी दशकं बसतात. पैसे त्यावर घालवण्यापेक्षा शिसे-२१० करून घ्या. अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं, म्हणजे दीडशे वर्षांपर्यंत चालतं. सोबत सीझियम-१३७. अणुचाचण्यांमुळे त्याचं शिखर १९६३ च्या थरात येतं, आपल्याकडे ते क्षीण असलं तरी. कार्बन करायचाच असेल तर सबंध गाळ देऊ नका. त्याच थरातलं पान किंवा बी द्या. लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, दिल्लीचं आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र अशा ठिकाणी ही कामं होतात. विद्यापीठातल्या प्राध्यापकामार्फत पत्र गेलं तर उत्तर लवकर येतं.

जेसीबी आला तर

योजनेतून गाळ उपसायला यंत्र आलं की आपलं काम बुडालं असं वाटतं. त्या दिवशी सकाळीच तिथे जा. यंत्राने पाडलेल्या खड्ड्याची उभी भिंत म्हणजे तयार छेद. यंत्र बंद असताना आणि भिंत कमरेएवढीच असेल तरच उतरा, उंच ओली भिंत ढासळते. खुरप्याने आडवं खरवडून ताजा गाळ उघडा करा. तेलाचा पत्र्याचा डबा लांबीत कापून त्याचा पन्हाळ करा आणि तो भिंतीत दाबा. मागून कोयत्याने कापून गाळासकट बाहेर काढा. वर कुठलं, खाली कुठलं, भिंतीच्या माथ्यापासून किती खोल, हे डब्यावर लिहा. आणि त्या दिवसाची तारीख, किती फूट गाळ काढला, तलावाच्या कोणत्या भागातून, हे ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत चढवायला सरपंचांना सांगा. पुढे कुणी तिथे नळी ठोकली, तर वरची पानं कुठे गेली हे त्याला शोधत बसावं लागणार नाही.